एकवीस फेऱ्यांचं पाणी

मित्रांनो, मी जुनी आहे, लोखंडाची आहे आणि चावी आहे; पण माझं कुलूप शोधायला निघू नका, दमाल. मी खिशात मावत नाही. माझी उंची पाच फूट. वर आडवी मूठ, मध्ये लांब दांडा आणि खाली चौकोनी तोंड. दुरून बघितलं तर कुणीतरी हात पसरून रस्त्यात उभं आहे असं वाटतं. कमरेत मी थोडी वाकलेली आहे, पण तो म्हातारपणाचा बाक नव्हे. तो मी कमावलेला आहे. कसा, ते सांगायलाच तर बसले आहे.

शहरातल्या रस्त्यांवर तुमच्या पायाखाली लहान लहान लोखंडी झाकणं असतात. त्यांच्यावरून उड्या मारत तुम्ही शाळेत जाता. त्या झाकणाखाली खड्डा, खड्ड्यात पाण्याचा जाड पाइप आणि पाइपावर व्हॉल्व्ह, म्हणजे पाण्याचा दरवाजा. त्या दरवाजाच्या डोक्यावर माझं चौकोनी तोंड बसवायचं, दोन्ही हातांनी मूठ धरायची आणि गोल गोल फिरायचं. डावीकडे फिरलं की दरवाजा उघडतो आणि अख्ख्या वस्तीच्या नळांना पाणी येतं. उजवीकडे फिरलं की बंद. आमच्या शहरात सगळ्यांना एकाच वेळी पुरेल एवढं पाणी नव्हतं, म्हणून वस्तीवस्तीला वेळ ठरवून वाटावं लागे. ते वाटप माझ्या तोंडून होई. भाषणं महापौर करायचे, पाणी मी सोडायची.

एकदा मी रुसून गवतात लपून बसले. त्या सकाळी निम्मं शहर तोंडाला साबण लावून, डोळे मिटून दुपारपर्यंत उभं होतं. एक चोर तर साबणाच्या डोळ्यांनी चाचपडत स्वतःच्याच घरात शिरला आणि स्वतःचंच घड्याळ चोरून बाहेर आला.

बरं, यात अर्धा फेरा माझा आहे. गोष्ट सांगताना मी अर्धा फेरा जास्त फिरते, सवयच आहे ती. पण जिथे एकही फेरा वाढवलेला नसेल तिथे आधी बजावून सांगेन, मग तुम्ही सरसावून बसा.

माझा जन्म पालिकेच्या कारखान्यात झाला. पाइप येण्याआधी शहरात पाण्याच्या टाकीची गाडी दारोदार फिरत असे. पाइप आले आणि गाडी मागच्या अंगणात गंजत पडली. तिचा आस मात्र तुकतुकीत होता. कारखान्यातल्या लोहाराने तो काढला, लाल केला, ठोकला आणि मला घडवलं. "आधी ही पाणी वाहायची, आता पाणी वाटेल," तो म्हणाला. "खातं बदललं, काम तेच." मग त्याने मला दोन दगडांमध्ये आडवी ठेवून वर स्वतः उभा राहून पाहिलं. तो काही शेलाटा माणूस नव्हता. मी केसभरही हलले नाही. तेव्हा मिशीवरून हात फिरवत त्याने जाहीर केलं, "हिला वाकवेल असा माणूस अजून जन्माला यायचाय."

लोहाराचं बोलणं शब्दशः खरं ठरलं. मला वाकवलं ते माणसाने नाही.

मला ज्याच्या हाती दिलं त्याला सगळं शहर चावीमामा म्हणायचं. त्याची धाकटी बहीण लग्न होऊन टेकडीवरच्या वस्तीत गेली, तेव्हा तिथली सगळी पोरं त्याला मामा म्हणू लागली. मग पोरांचे आईबापही म्हणू लागले, आणि शेवटी पालिकेचे मोठे साहेबसुद्धा. मामा अंगाने सडपातळ, पण मनगटं दोरखंडासारखी. सकाळी सहाला मला खांद्यावर टाकून निघायचा. गिरणीच्या कोपऱ्यावर अठ्ठावीस फेरे, दवाखान्यापाशी एकोणीस, बाजाराच्या मागे चौतीस. कुठला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांनी उघडतो, हे त्याच्या डोक्यात होतं. कागदावर कुठेच नव्हतं. मोठे साहेब म्हणायचे, "मामा आहे तोवर कागद कशाला?" आणि मामालाही हे ऐकायला गोड वाटायचं. माणसाला आपल्यावाचून अडतं हे ऐकायला फार आवडतं, मित्रांनो. लोखंडालाही आवडतं.

माझा आणखी एक उपयोग होता. मामा मला व्हॉल्व्हवर टेकवून माझ्या मुठीला कान लावायचा. पाण्याचा आवाज माझ्या अंगातून चढून त्याच्या कानात जायचा. मोकळं पाणी घुमतं. पाइप फुटला असेल तर पाणी फुसफुसतं. आणि अरुंद फटीतून जाणारं पाणी शिट्टी वाजवतं. या तीन आवाजांवर आम्ही दोघांनी शहराची नाडी चाळीस वर्षं पाहिली. कोणत्या गल्लीत कोण नळ चालू ठेवून दात घासतं, हेही मला ऐकू यायचं. नावं सांगत नाही, पण तुमच्या गल्लीत दोघं आहेत.

आता टेकडीकडे येते.

बावीस वर्षांपूर्वी टेकडीवर पहिल्यांदा पाइप चढला. तीन रस्ते जिथे मिळतात त्या नाक्यावर टेकडीचा व्हॉल्व्ह बसवला. नवे व्हॉल्व्ह संपले होते, म्हणून भांडारातला एक जुना काढला. त्याची टोपी जरा उंच आणि खडबडीत होती, एवढंच वेगळं. चाचणीच्या दिवशी टेकडीवर पाणी धो धो आलं. महापौरांनी नळाखाली हात धरला आणि त्यांची बाही खांद्यापर्यंत भिजली. मामाची बहीण, सगळे तिला टेकडीवरची ताई म्हणत, त्याच वर्षी वरच्या छोट्या शाळेत सेविका म्हणून लागली होती. ती हसून हसून लोटपोट झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या नाक्यावर डांबर पडायचं होतं. साहेबांनी मामाला सांगितलं, "तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडून टाक. टेकडीला कधी बंद करायचं नाही, म्हणजे पुन्हा हात लावायला नको." नव्या व्हॉल्व्हची चाचणी झाली की तो बंद करून ठेवतात, ही रीत. म्हणून मामाने तो बंद आहे असं धरलं आणि मला नेहमीसारखं डावीकडे फिरवलं. एकवीस फेरे. मग तो घट्ट झाला. "उघडला पूर्ण," मामा म्हणाला.

मला मात्र त्या दिवशी मुठीत काहीतरी खटकलं. उघडताना पाण्याचा आवाज फेऱ्याफेऱ्याला वाढायला हवा. मला तो लहान होत गेल्यासारखा वाटला. पण शेजारी डांबराचा रोलर धडधडत होता. मामाने कान लावला असता तरी त्याला रोलरच ऐकू आला असता; त्याने लावलाच नाही. चौकोनी का होईना, मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. तासाभरात झाकणावर डांबर पडलं, रोलर फिरला, आणि तो व्हॉल्व्ह जमिनीच्या पोटात गेला.

तेव्हापासून टेकडीला पाणी आलं ते करंगळीएवढं. नळाखाली बादली ठेवायची आणि शेजारणीकडे जाऊन, गप्पा मारून, भांडून, पुन्हा मैत्री करून परत यायचं, तेव्हा कुठे ती भरायची. सगळे म्हणाले, उंची आहे, पाणी चढणार कसं. साहेब म्हणाले उंची. मामा म्हणाला उंची. ताई भावाला म्हणायची, "दादा, सगळ्या शहराला पाजतोस, आणि बहिणीच्या दारात पिंप कोरडं." मामा हसायचा. "अगं, तुला खाली दिली असती तर बरं झालं असतं. तुमची टेकडीच उंच, मी काय करू?"

अशी बावीस वर्षं गेली. शहर पसरलं. मामाच्या निवृत्तीला चार महिने उरले. पालिकेने निरोप समारंभासाठी पितळी पाटी करायला टाकली: 'चाळीस वर्षांत एकही फेरा चुकला नाही.' मामाने ती वाचली आणि माझा दांडा त्या दिवशी दोनदा पुसला.

त्याच सुमारास नियोजन खात्यात एक नवी अधिकारी आली. ती कायम नकाशाची नळकांडी काखेत घेऊन फिरायची, म्हणून तिचं नाव पडलं नकाशाबाई. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा तयार होता. घरं कुठे वाढतील, रस्ता कुठून जाईल, शाळा, दवाखाने, बागा, पाणी, सांडपाणी, सगळं त्यात रंगवलेलं. तिला फक्त एकदा तपासून दोन आठवड्यांत मंजुरीच्या बैठकीत ठेवायचा होता. पण ती पडली चौकस. तिने फर्मान काढलं की आराखड्यात ज्याच्या कामाचा उल्लेख आहे त्याच्याबरोबर ती एकेक दिवस पायी हिंडणार. झाडूवाल्याबरोबर हिंडली. दिवाबत्तीवाल्याबरोबर हिंडली. मग एका सकाळी सहा वाजता आमच्या दारात उभी.

"बाई, बूट घातलेत ना?" मामाने विचारलं. "आमचं काम चिखलातलं आहे."

"आमचं कागदातलं," ती म्हणाली. "त्यात जास्त चिखल असतो."

मामाला ती तिथेच आवडली. मलाही.

ती प्रत्येक झाकणापाशी थांबली. फेरे विचारले, वहीत लिहिले. एकदा तिने मला स्वतः फिरवून पाहिलं. सहाव्या फेऱ्याला धाप लागली, पण सोडलं नाही. वाटेत मामाने विचारलं, "बाई, शहर वाढायचंय तर नवं धरण बांधा, नवी टाकी बांधा. आमच्या जुन्या झाकणांत काय बघता?"

ती म्हणाली, "शंभर बादल्या निघतात मामा, आणि लोकांच्या दारात पासष्ट पोचतात. पस्तीस बादल्या कुठे जातात ते कळल्याशिवाय नवं धरण बांधलं, तर त्यातलंही पस्तीस जाईल. वाढायचं म्हणजे नुसतं लांब व्हायचं नाही. आहे ते आधी नीट."

दुपारी आम्ही टेकडी चढलो. वर शाळेत ताई पिंप घासत होती. नकाशाबाईने व्हरांड्यात नकाशा पसरला. जिथे पाणी नीट आहे तिथे हिरवा रंग, पाच वर्षांत येईल तिथे पिवळा, दहा वर्षांत नारिंगी, आणि अगदी शेवटी, सोळा वर्षांनी, तिथे करडा. टेकडी करडी होती. एवढ्या उंचीवर पाणी न्यायचं तर पंप, टाकी, नवा पाइप, सगळंच लागणार, म्हणून शेवटचा टप्पा. आणि जिथे पुरेसं पाणी नाही तिथली शाळा पुढच्या वर्षी बंद करून मुलं खालच्या शाळेत पाठवायची, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं. खालची शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडे होती. सहा वर्षांची पोरं मालमोटारींमधून तो रस्ता ओलांडणार होती.

ताईने ओल्या हातांनी ते बारीक अक्षर वाचलं. "उंचीमुळे, होय?"

"तसं हिशेबात दिसतं," नकाशाबाई म्हणाली.

"मग पहिल्या दिवशी कसं आलं होतं? महापौरांची बाही भिजली. मी स्वतः बघितलंय. दुसऱ्या दिवसापासून करंगळी." ताईने घासणी पिंपात टाकली. "का रात्रीतून टेकडी वाढली, बाई?"

नकाशाबाई हसली नाही. तिने वही उघडली. "पहिल्या दिवशी किती जोरात?"

"दादाला विचारा ना. हाच तर होता तिथे."

मी मामाच्या खांद्यावर होते, म्हणून मला कळलं: त्याचा खांदा एकदम थंड पडला.

मित्रांनो, आता सरसावून बसा. इथून पुढे एकही फेरा माझा नाही.

नकाशाबाईला कचेरीपाशी सोडून मामा मला घेऊन थेट नाक्यावर गेला. व्हॉल्व्ह डांबराखाली होता, पण टेकडीच्या बाजूला पन्नास पावलांवर त्याच पाइपाचं एक लहान झाकण उघडं होतं. त्याने मला पाइपावर टेकवलं आणि कान लावला. बारीक, धारदार शिट्टी. उंचीमुळे दमलेलं पाणी शिट्टी वाजवत नाही. फटीतून घुसणारं वाजवतं. जवळपास कुठेतरी दरवाजा लागलेला होता.

मग तो कारखान्याच्या मागच्या अंगणात गेला. तिथे गवतात भंगार पडलं होतं. दीड तास शोधून त्याने एक जुना व्हॉल्व्ह बाहेर ओढला, तीच उंच, खडबडीत टोपी. नाक्यावरच्या व्हॉल्व्हचा जुळा भाऊ. मामाने तो उभा केला, तेल सोडलं, माझं तोंड बसवलं आणि डावीकडे फिरवायला लागला. आतलं पातं खाली उतरलं. दरवाजा बंद झाला. त्याने उजवीकडे फिरवलं. पातं वर चढलं. उघडला.

तो व्हॉल्व्ह डावखुरा होता. सगळ्या शहरापेक्षा उलटा. जुन्या काळी एका कारखान्यातून तसे दोन-तीन आले असतील. त्यांच्या टोपीवरची खूण गंजून गेली होती. चाचणीनंतर तो बंद न करता उघडाच ठेवला होता, आणि मामाने उघडायचा म्हणून एकवीस फेरे फिरवून स्वतःच्या हाताने बंद केला होता. पातं झिजलेलं, म्हणून पुरता बसला नाही. त्या झिजलेल्या फटीवर टेकडीने बावीस वर्षं काढली.

मामा एका पाइपावर बसला. मला त्याने गुडघ्यांवर आडवं धरलं होतं. तो माझ्याकडे पाहत होता, आणि मी त्याच्याकडे. माझ्याही तोंडूनच झालं होतं ते.

गप्प बसणं सोपं होतं. बैठक परवा होती, पाटी तयार होती, आणि डांबराखाली काय आहे हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी झाल्यावर तो टेकडीवर गेला. ताई नळाखाली बादली लावून बसली होती. तो उभ्या उभ्याच बोलला. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

ताई ऐकत होती. बादलीत धार टिपटिपत होती. मग ती म्हणाली, "बावीस वर्षं मी तुझ्या साहेबांना शिव्या देत होते, दादा."

"हं."

"पत्ता चुकला म्हणायचा."

"चुकला."

"माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी खालून पाणी वाहिलंय."

मला वाटलं, आता ती रडेल किंवा ओरडेल. तिने पदराने हात पुसले आणि बादली बाजूला केली. "मला सांगून काय होणार? माझ्या हातात घासणी आहे. ज्यांच्या हातात पेन्सिल आहे त्यांना सांग. आणि जेवून जा. उपाशी पोटी कबुली देऊ नये, माणूस मध्येच खाली बसतो."

बैठकीची खोली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. लांब टेबल, गुळगुळीत फरशी. मामा मला घेऊन आत आला तेव्हा फरशीवर माझा ठण्ण आवाज झाला आणि सगळ्यांनी माना वळवल्या. भिंतीवर आराखडा लावलेला, रंग छान वाळलेले. मोठ्या साहेबांच्या हातात सहीचं पेन.

"मामा, निरोप समारंभाला अजून अवकाश आहे," साहेब म्हणाले, आणि टेबलाभोवती हसू फिरलं.

मामाने सांगितलं. थोडक्यात, फेऱ्यांच्या हिशेबात. "टेकडीला उंचीचं काही नडलेलं नाही साहेब. नाक्यावरचा व्हॉल्व्ह उलटा आहे. मी तो उघडायच्या ऐवजी लावला. एकवीस फेरे."

हसू थांबलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मामा, चार महिने राहिलेत तुमचे. गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

"हिला कळलं असतं," मामा म्हणाला आणि मला जरा पुढे केलं. "रोज खांद्यावर असते."

मित्रांनो, माझी स्तुती पुष्कळांनी केली आहे. पण एवढ्या मोठ्या खोलीत, एवढ्या माणसांसमोर माझी साक्ष काढली गेली ती त्या एकाच दिवशी.

साहेब म्हणाले, "पण आराखडा छापायला द्यायचाय. सगळं रंगवून झालंय. नसला व्हॉल्व्ह उलटा तर? नवं डांबर फोडल्याची तक्रार माझ्याकडे येणार."

नकाशाबाई उठली. "रंग वाळला म्हणून टेकडीने तहानलेलं राहायचं का, साहेब? उद्या खणू. पाणी नाही चढलं तर करडा रंग आहेच, तो कुठे पळत नाही."

साहेबांनी मामाकडे बघितलं. "खात्री आहे?"

"जुळा व्हॉल्व्ह फिरवून बघितलाय, नाही म्हणायची सोय राहिली नाही आता," मामा म्हणाला.

खणायला सकाळी आठला सुरुवात झाली. डांबराचे थर एकावर एक, वडाच्या खोडातल्या वलयांसारखे. बावीस वर्षांत पाच वेळा रस्ता झाला होता. पाचव्या थराखाली झाकण लागलं. खड्ड्यात उंच, खडबडीत टोपी. मामाने माझं तोंड तिच्यावर बसवलं आणि उजवीकडे जोर लावला.

हलेना. गंजाने आणि रागाने तो घट्ट धरून बसला होता. मामाच्या जोडीला दोन मजूर आले. हलेना. चौथी नकाशाबाई आली, हातमोजे न घालता. मी दात ओठ खाल्ले. म्हणजे खाल्ले असते. माझ्या कमरेतून एक कळ गेली आणि मी वाकले. त्याच क्षणी व्हॉल्व्हही नमला. कर्रर असा आवाज झाला आणि पहिला फेरा फिरला.

"एक," मामा म्हणाला.

मग सगळेच मोजू लागले. नाक्यावर थांबलेले लोक, चहावाला, सायकलवाले. मामाच्या कपाळावरून घाम टपकत होता, पण मजूर मूठ घ्यायला आले तर तो म्हणाला, "हे माझे फेरे आहेत, राहू द्या." दहाव्या फेऱ्याला माझ्या अंगात शिट्टी थांबली. पंधराव्याला पाणी घुमायला लागलं. एकविसाव्याला मामाने माझ्या मुठीला कान लावला. आज शेजारी रोलर नव्हता. तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग त्याने डोळे पुसले आणि घाम आला म्हणाला.

वर शाळेत ताईने सकाळपासून नळ उघडा ठेवला होता. आधी नळ खोकला, मग तांबडं पाणी आलं, मग पांढरं स्वच्छ. मामाचा फोन वाजला. मी जवळच होते, सगळं ऐकू आलं.

"दादा."

"बोल."

"पिंप भरलं."

"बरं झालं."

"दोन्ही पिंपं भरली. बादल्या भरल्या. पोरं नळाखाली उभी आहेत, मास्तर त्यांना ओढतायत आणि तेच भिजतायत. वर्गात पाणी शिरलंय. बावीस वर्षांचं आजच देतोस का? ये आणि जरा कमी कर."

मामा खड्ड्याच्या काठावर बसला आणि हसला. त्याला असं हसताना मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

टेकडीच्या अगदी शेंड्यावरच्या दहा-बारा घरांना पाणी तरीही कमीच चढलं. तिथे थोडी उंची खरीच होती. त्यांच्यासाठी नकाशाबाईने एक लहान पंप पहिल्याच वर्षात धरला. बाकी टेकडी तिने स्वतःच्या हाताने हिरवी रंगवली, करड्यावरच. रंग जरा मळकट आला, पण साहेबांनी त्यावरच सही केली. बारीक अक्षरातली ओळ खोडली गेली. शाळा टेकडीवरच राहिली. आराखड्याला एक नवं पहिलं पान जोडलं: शहरातला प्रत्येक व्हॉल्व्ह, त्याचे फेरे आणि फिरायची दिशा. मामा सांगत गेला, बाई लिहीत गेली. प्रत्येक झाकणावर बाण रंगवला. नवं काही बांधायच्या आधी जुनं एकदा उघडून बघायचं, असा नियम झाला. पस्तीस बादल्यांतल्या सोळा पहिल्या दोन वर्षांत सापडल्या. नवं धरण लागलंच नाही. निदान अजून तरी.

पितळी पाटीचं काय झालं? साहेब म्हणाले, तशीच देऊ, कुणाला काय कळतंय. मामाने ती परत कारखान्यात पाठवली. निरोपाच्या दिवशी नवी आली: 'एकवीस फेरे चुकले. सांगितले.' ताई ती वाचून म्हणाली, "घरात लाव, दारासमोर. येणाऱ्याला कळू दे, इथे खरं बोलतात. चहा कसाही असो."

मामा निवृत्त झाला आणि माझे वाईट दिवस आले. व्हॉल्व्हना मोटारी बसल्या, बटणं आली. मला भंगारात टाकलं, त्याच गवतात, त्या डावखुऱ्या जुळ्याच्या शेजारी. दोन पावसाळे मी गंजले. एका कोळ्याने माझ्या तोंडात घर केलं आणि मला भाडंही दिलं नाही. वाकलेली चावी कुणाला हवी असते?

नकाशाबाईला हवी होती. तोवर तीच मोठी साहेब झाली होती. तिने मला शोधून आणलं, घासलं, आणि नियोजनाच्या कचेरीत मोठ्या नकाशाखाली टांगलं. दांडा सरळ करू का, असं एकाने विचारलं, तर म्हणाली, "अजिबात नाही. तोच तर शिकवतो." आता त्या कचेरीत कुणीही नवा अधिकारी लागला की पहिल्या दिवशी त्याला खुर्ची मिळत नाही. मी मिळते. मला खांद्यावर घेऊन दिवसभर शहर चालायचं, पायाखालची झाकणं मोजायची आणि संध्याकाळी टेकडीवर जाऊन शाळेच्या नळाचं पाणी प्यायचं. मामा कधी कधी तिथे कट्ट्यावर बसलेला असतो. नवा माणूस दमून माझी तक्रार करतो, "केवढी जड आहे ही." मामा म्हणतो, "हलकी झाली की समजा, तुम्ही ऐकायचं सोडलंत."

तर मित्रांनो, उद्या शाळेत जाताना झाकणावर उडी मारायच्या आधी एकदा खाली बघा. कुणीतरी तिथे सकाळी वाकलेलं असतं. घरातला नळ टिपटिपत असेल तर आईला किंवा बाबांना ओढत आणून दाखवा. नवं मागायच्या आधी जुनं एकदा उघडून पाहा, आणि आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून तेल द्या. आम्ही बोलत नाही, पण कान लावला तर सगळं सांगतो. आणि हातून काही उलटं फिरलं असेल, तर डांबर पडायच्या आधी सांगून टाका. पडलं असेल, तरीही सांगा. डांबर खणता येतं. मी पाच थर खणताना पाहिलेत, आणि त्यात अर्धाही फेरा माझा नाही.